मालक कुठं जेवतो

जिजींबरोबर बाहेर जेवायला जाणं ही एक शिक्षाच होती. माणसं हॉटेलात शिरली की पंखा कुठं आहे ते बघतात, जिजी मालक कुठं आहे ते बघायच्या. सुरतेहून त्यांचे डोळे तपासून आम्ही परत येत होतो. नवापूरच्या अलीकडे हायवेवर एका बऱ्यापैकी ढाब्यावर गाडी थांबवली. मी भुकेनं कासावीस. पोऱ्यानं पाण्याचे ग्लास आणून ठेवले, तर जिजींनी त्याला विचारलं, "मालक कोठे जेवस रे?"

"त्यास्ना घरना डबा येस," तो म्हणाला.

जिजी उठल्या. मी हात जोडले, पण त्या गाडीत जाऊन बसल्या होत्या. पुढे दोन ढाबे असेच गेले. तिसऱ्या ठिकाणी, कोंबड्यांच्या शेडचा वास येत होता अशा एका टपरीवजा हॉटेलात, मालक गल्ल्याशेजारीच ताट मांडीवर घेऊन भाकरी कुस्करत बसला होता. "बस आते," जिजी म्हणाल्या. त्या भाजीवर बोटभर तेल तरंगत होतं. दोन दिवस माझं पोट ठिकाणावर नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी कुंपणावरून तक्रार केली, तेव्हा जिजी शांतपणे म्हणाल्या, "त्यानं बी पोट दुखी ऱ्हायनं व्हई. मंग तक्रार कसानी?"

मला वाटतं, शेअर बाजाराबद्दल मला आयुष्यात जेवढं समजलं ते एवढंच.

नलिनीबाई त्यांचं नाव, पण नंदुरबारच्या आमच्या कॉलनीत त्या सगळ्यांच्या जिजी होत्या. मी सातारकडची, इथल्या कॉलेजात नोकरीला लागले आणि त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला "तुन्हं जेवन व्हयनं का?" असं विचारलं आणि मला वाटलं, बाई माझ्यावर रागावल्या आहेत. त्यांचा आवाजच तसा होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस-चाळीस पोरं एकटीनं सांभाळून तो घडलेला. वर्गात त्या प्रमाण मराठी बोलत आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की अहिराणी. निवृत्तीनंतर फाटक उरलंच नाही, त्यामुळे प्रमाण मराठी फक्त बँकेत आणि डॉक्टरकडे निघायची, ठेवणीतल्या साडीसारखी. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. ठेंगणा बांधा, कपाळावर गोंदण, आणि कमरेला बडीशेपेची डबी. कुणाशी भांडण झालं की त्या आधी डबी पुढं करायच्या आणि मग भांडायच्या.

त्यांचं माहेर रनाळ्याचं. थोरला भाऊ, नाना, यानं तरुणपणी नंदुरबारला मिरचीची पथारी घातली होती. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. दिवाळीनंतर आमच्या गावाच्या कडेनं चालत गेलात तर लालभडक जमीन दिसते आणि शिंका येतात, ती ही मैदानं. नानांनी पथारीच्या कडेला चक्की टाकली, चक्कीचा कारखाना झाला, कारखान्याची कंपनी झाली आणि एक दिवस ती कंपनी शेअर बाजारात आली. रनाळ्याला त्या दिवशी पेढे वाटले गेले. शेअर म्हणजे काय हे पेढे खाणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होतं, पण आपल्या गावच्या माणसाचं नाव टीव्हीच्या खालच्या पट्टीत सरकतंय एवढं पुरेसं होतं.

खानदेशात आखाजीचं महत्त्व बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. अक्षय्य तृतीया तुमच्याकडे सोनं घ्यायचा दिवस असेल, इथं तो सासरी गेलेल्या मुलींचा सण. बहिणी, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस खातात. जिजींना नाना आखाजीला साडी देत. कंपनी झाल्यावर साडी बंद करून त्यांनी शेअर द्यायला सुरुवात केली. जिजी आधी रुसल्या होत्या म्हणे. कागद काय नेसायचा का, असं त्यांनी भावाला विचारलं होतं. पण मग गावानं नानांचं बघून तेच सुरू केलं. ज्याला जमेल तो आखाजीला लेकीच्या नावानं "आपली कंपनी" घ्यायचा. आणि एकदा ती आखाजी म्हणून दिली गेली की तिच्याकडे शेअर म्हणून कुणी बघतच नसे. लेकीला दिलेली आखाजी कुणी मोडतं का? भाव दुप्पट होवो की निम्मा, रनाळ्याचं कुणी विकत नव्हतं.

याची एक गंमत झाली. मुंबईच्या कुठल्याशा फंडाकडून एक तरुण मुलगी कंपनी बघायला आली. हुशार, गोड, केस सारखे कानामागे सारणारी. नानांनी तिला जेवायला बहिणीकडे पाठवलं. मांडे खाता खाता तिनं विचारलं, "मॅडम, तुमचे छोटे भागधारक कधीच विकत नाहीत. कंपनीवर इतका विश्वास?" जिजींनी तिला आखाजी समजावून सांगितली. मी शेजारी बसून भाषांतर करत होते. मुलीनं सगळं नीट ऐकलं, मान डोलावली, आणि पुढे तिच्या फंडाच्या अहवालात "स्थानिक भागधारकांचा असाधारण विश्वास" असं छापून आलं. फंडानं भरपूर शेअर घेतले. त्याचं बघून दुसऱ्यानं घेतले, मग एका विमा कंपनीनं. जिजी या सगळ्यांना पाहुणे म्हणायच्या. "पाहुना भला ऱ्हास," त्या म्हणत, "पन त्यानी पिशवी दारजोडेच ऱ्हास." पिशवी दाराजवळ, म्हणजे केव्हाही निघायला मोकळा. पाहुण्यांवर त्यांचा राग नव्हता. फक्त पाहुणे आले म्हणून घरच्यांनी पानावरून उठू नये, एवढं त्यांचं म्हणणं होतं.

घरचे बसलेत की नाही हे त्या दरवर्षी सगळ्यांसमोर विचारायच्या. कंपनीची वार्षिक सभा कारखान्याच्या गोदामात भरायची आणि सभेनंतर वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असायची. अर्धं गाव सभेला भंडारा समजून यायचं. हिशेबाचं वाचन चालू असताना मागं तुपाच्या वासानं लोकांची चुळबुळ सुरू व्हायची. आणि नेमक्या त्या वेळी पहिल्या रांगेतून जिजी उठायच्या.

"नाना, घरनास्नं कितलं शे? मांगला सालपेक्षा कमी ते नही व्हयनं ना?"

"नलू, एक बी शेअर हालना नही," नाना व्यासपीठावरून ओरडायचे. "आते लोकेस्ले बट्टी खाऊ दे."

टाळ्या पडायच्या. जेवायला नाना बायकांच्या पंगतीत बसायचे. एरवीही ते तसेच जेवायचे. आधी पथारीवर मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांबरोबर ठेचा-भाकरी, पुढे कारखान्याच्या कँटीनमध्ये त्याच बाकांवर. जिजींचं ते "मालक कोठे जेवस" नानांना बघूनच तयार झालं असणार. सुमनबाई मात्र म्हणायच्या की नाना घरी बायकोच्या बोलण्याला भिऊन बाहेर जेवतात.

सुमनबाई म्हणजे रनाळ्याच्या जिजींच्या मैत्रीण, एका झोक्यावरच्या. त्यांनी तरुणपणी नानांच्या पथारीवर देठ खुडले होते आणि पुढे तीन एकरांत कापूस करून मुलगी शहाद्याला दिली होती. त्या बाजाराला आल्या की जिजींच्या ओट्यावर टेकायच्या आणि दोघींचं हसणं माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. जिजींना "नलू" म्हणणारं नानांनंतर जगात दुसरं माणूस त्याच.

नाना गेले तेव्हा सगळं नंदुरबार स्मशानात होतं. कंपनी मुलाकडे आली, प्रशांतकडे. प्रशांत वाईट नव्हता, हे मला आधीच सांगून टाकायला हवं, कारण रनाळ्यात अजून लोक त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलतात. सरळ, कष्टाळू, थोडा भिडस्त मुलगा. पण सभा मोबाइलवर होऊ लागली आणि बट्टी बंद झाली. जिजी मोबाइल समोर धरून प्रश्न विचारायच्या तर तिकडून "मॅडम, आपण म्यूटवर आहात" असं यायचं. प्रशांतचा डबा घरून यायचा आणि तो केबिनमध्ये जेवायचा. जिजींनी एकदा मला तेवढंच सांगितलं.

मग एका दुपारी प्रशांतची गाडी जिजींच्या दाराशी थांबली आणि दार बंद झालं. जिजींचं दार दिवसा बंद झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आत काय बोलणं झालं ते त्यांनी मला सगळं उघड झाल्यावर सांगितलं, पण इथंच सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

प्रशांतचे दोन भाऊ, एक पुण्याला, एक परदेशात. त्यांना वाटणी हवी होती. तिघांनी मिळून घरचा सगळा हिस्सा त्या मोठ्या पाहुण्यांना विकायचं ठरवलं होतं. प्रशांत पगारावर कारखाना बघणार होता. जिजी नानांची बहीण, त्यांचं नावही कंपनीच्या यादीत घरच्या मालकांमध्येच लागत असे. "फुई," प्रशांत म्हणाला, "तुम्हनं बी संगे इकी टाकूत. भाव चांगला भेटस." फुई म्हणजे आत्या. आणि जाताना त्यानं हेही सांगितलं, की बाजाराला कळेपर्यंत ही गोष्ट कुणापाशी बोलायची नाही. आतल्या माणसानं आतली बातमी बाहेर सांगितली तर तो गुन्हा होतो.

जिजींना हे समजावून सांगावं लागलं नाही. जन्मभर परीक्षा घेतलेली बाई ती. पेपर फुटला म्हणजे काय ते त्यांना कुणापेक्षाही जास्त कळत होतं. पण ज्या गावाला दरवर्षी सभेत उभं राहून "घरचे बसलेत" असं त्यांनी ऐकवलं होतं, त्या गावासमोर आता त्यांना गप्प बसायचं होतं. घरचे पानावरून उठत होते आणि ते त्यांना एकट्यांना माहीत होतं.

त्या ओट्यावर बसेनाशा झाल्या. भाजीवालीशी बोलेनात. मला वाटलं, डोळ्यांनी पुन्हा त्रास दिला.

त्याच आठवड्यात सुमनबाई आल्या. मीही तिथंच होते, जिजींच्या तुरीच्या शेंगा सोलत. सुमनबाईंच्या मुलीला शहाद्याला घरावर एक खोली चढवायची होती आणि तिचा नवरा म्हणत होता, तुझी ती शेअरची आखाजी मोड. सुमनबाईंना मोडवत नव्हतं.

"नलू, काय करू? आंडेरनी आखाजी इकू का ठेवू? तू सांगशी तसं." आंडेर म्हणजे लेक.

जिजी शेंगा सोलत राहिल्या. "माले इचारू नको, सुमन."

"मंग कोनले इचारू?"

"कोनले बी इचार. माले नको."

सुमनबाई हसल्या, त्यांना थट्टा वाटली. मग जिजींचा चेहरा बघून त्यांचं हसू गेलं. "आवं, इतलंच ते इचारी ऱ्हायनू. इकू, नही ते ठेवू. एक शब्द."

जिजींनी कमरेची डबी काढली आणि पुढं केली. सुमनबाईंनी बडीशेप घेतली नाही. त्या उठल्या, चपला घातल्या आणि पायरीवरून म्हणाल्या, "नाना व्हता तवय तू बहीन व्हती. आते तू मालकीन व्हई गयी."

चहा उकळत होता, तो तसाच राहिला. त्या संध्याकाळी जिजी जेवल्या नाहीत हे मला दुसऱ्या दिवशी भांडी घासायला येणाऱ्या बाईनं सांगितलं. मला तेव्हा काही माहीत नव्हतं आणि मलाही ते वागणं खटकलं होतं. पन्नास वर्षांची मैत्रीण पायरी उतरून चालली होती आणि एका शब्दात तिला थांबवता आलं असतं. तो शब्द या बाईंनी गिळला.

प्रशांत पुन्हा आला, सही घ्यायला. जिजींनी सही दिली नाही. "तुम्ही इका," त्या म्हणाल्या, "तुम्हना बापनं शे. मन्हं मन्हा भाऊनी आखाजी शे. मी इकनार नही." त्यानं परोपरीनं सांगितलं की पुढे भाव पडेल, फुई, नुकसान होईल. त्यांनी त्याला जेवूनच जा म्हणून बसवून घेतलं आणि विषय बदलला.

विक्री होऊन बातमी जाहीर झाली त्या दिवशी भाव धाडकन पडला. दुसऱ्या सकाळी रनाळ्याहून भरलेला टेम्पो जिजींच्या अंगणात. माणसं चिडलेली, काही नुसतीच भेदरलेली. सुमनबाई मागं, तुळशीपाशी उभ्या. कुणीतरी मोबाइलवर कंपनीची नवी यादी काढली होती. कुणाकडे किती शेअर आहेत याची ही यादी जाहीर असते. फंड, विमा कंपनी, पुन्हा फंड, पाहुण्यांची लांबलचक रांग. आणि घरच्या मालकांच्या रकान्यात एकच नाव. नलिनी.

ते नाव वाचल्यावर अंगणातला आवाज एकदम बदलला.

"जिजीनं इकं नही!" एक म्हातारा ओरडला. "मालक जेवी ऱ्हायनी ना आजून! मंग आपुन बी ठेवूत."

माना डोलल्या. जिजींनीच शिकवलेला नियम होता तो. त्या गप्प राहिल्या असत्या तर गाव त्यांच्या पाया पडून परत गेलं असतं. मला तर वाटलं, चला, सुटल्या बाई.

जिजी भडकल्या. वर्गात भडकत असतील तशा.

"मन्हाकडे देखू नका! मी मालक नही, मी बहीन शे. माले भूक लागेल शे म्हनीसन मी जेवस नही. भाऊनं वाढेल शे म्हनीसन पानवरथीन ऊठत नही. तुम्हना तो भाऊ नही. आते तठे घरनं कोनी नही, पाहुना शेत. ते कारखाना चांगला बी चालाडतीन, माले माहीत नही. तुम्ही तुम्हनं देखा."

मग तुळशीपासून सुमनबाईंचा आवाज आला, बारीक. "पन नलू, आंडेरनी आखाजी इकतस का?"

"तुन्ही आंडेर सुखमा ऱ्हायनी ती आखाजी," जिजी म्हणाल्या. "कागद ते कागदच शे." मग आवाज उतरवून, "त्या दिन माले सांगता येत नव्हतं, सुमन. आज इचार. कितलं बी इचार."

माणसं टेम्पोत चढली तेव्हा सुमनबाई चढल्या नाहीत, ओट्यावर येऊन बसल्या आणि जिजींच्या कमरेची डबी त्यांनी स्वतःच काढून घेतली.

गावातल्या पुष्कळांनी विकलं, काहींनी ठेवलं. पडत्या भावात विकावं लागलं म्हणून काही घरांनी जिजींशी बोलणं टाकलं. आधी कळलं असतं तर, असं ते म्हणतात, आणि त्यांचंही खोटं नाही. शहाद्याची खोली ठरली होती त्यापेक्षा लहान झाली, पण झाली. माझी पुढच्या वर्षी धुळ्याला बदली झाली आणि त्यानंतरच्या थंडीत जिजी गेल्या. मला कळलं तोवर सगळं उरकलं होतं. त्यामुळे माझ्या मनात त्या राहिल्यात त्या मी नंदुरबार सोडण्याआधीच्या आखाजीच्या.

त्या दिवशी सकाळीच दोघी नव्या साड्या नेसून माझ्या दारात उभ्या. जिजी म्हणाल्या, रिक्षा बोलाव, कारखान्यात जायचंय. मी विचारलं, सणाच्या दिवशी कारखान्यात काय? "आखाजी शे," त्या म्हणाल्या. "माहेरले जेवाले जावानं नही का?"

फाटकावर नवा रखवालदार होता, बाहेरगावचा. त्यानं विचारलं, कुणाला भेटायचंय. जिजींनी ठेवणीतली मराठी काढली. "कोणालाही नाही. मी जेवायला आले आहे."

"बाहेरच्यांना इथं जेवण नाही, आजी."

"मी बाहेरची नाही. मी मालक आहे."

तो हसला, पण फोन केला. प्रशांत जवळजवळ पळतच खाली आला, वाकून पाया पडला आणि केबिनमध्ये चला म्हणाला. जिजी थेट कँटीनमध्ये गेल्या. मसाल्याच्या खात्यातल्या बायका जेवत होत्या, त्या सरकल्या. सुमनबाई मात्र दारातच अडखळल्या. "मन्हं ते आते आठे काहीच नही, नलू. मी कसाले येऊ?"

"तू पाहुनी," जिजी म्हणाल्या. "तूच म्हनती ना, मी मालकीन व्हई गयी. मंग बस. मालकीन वाढस."

सुमनबाई तोंडाला पदर लावून हसता हसता बसल्या. जिजींनी त्यांच्या ताटात बट्टी कुस्करली, वरून वरण घातलं, मग प्रशांतकडे मान वळवली. तो हात बांधून उभा होता. "तू बी बस," त्या म्हणाल्या. त्यानं रांगेतून ताट घेतलं आणि बापाच्या बाकावर आत्याशेजारी बसला.

जिजींनी पहिला घास घेतला. सगळं कँटीन त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी तो चावला, गिळला आणि आचाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वरनमा पानी जास्ती शे."

मग वाटी पुढं करून त्यांनी आणखी वरण मागून घेतलं.